मौनाची काटछाट

ध्वनिमुद्रित भाषणांतील रिकाम्या जागा आपोआप काढून टाकणारी यंत्रयोजना आज इतकी सुलभ झाली आहे कीं, तिला कांहीं इतिहास असेल अशी शंकाही कोणास येत नाहीं. अंधेरीच्या स्टुडिओंत पुस्तकवाचनाचें मुद्रण करणारा तंत्रज्ञ तिचा उपयोग करतो. मुलुंड-घाटकोपरच्या घरांत बसून मोबाइलवर व्याख्यानें तयार करणारे हौशी लोकही करतात. बोरिवलीपासून चर्चगेटपर्यंतचें सुमारें ३४ किलोमीटरांचें अंतर रोज लोकलनें जाणाऱ्या श्रोत्यास तासाभराचें व्याख्यान पाऊण तासांत ऐकून झालें, तर समाधानच वाटतें. ही बचत खोटी नाहीं. प्रश्न एवढाच कीं, टाकून दिलें तें खरोखर रिकामें होतें काय? मनुष्याच्या बोलण्यांतील मौनाशीं यंत्रविद्येनें गेल्या सव्वाशें वर्षांत कसकसा व्यवहार केला हें पाहिल्यास याचें उत्तर सांपडण्यासारखें आहे, असें आम्हांस वाटतें.

प्रथम तबकडीचा काळ घेऊं. १९०२ सालीं ग्रामोफोन कंपनीचा मुद्रक फ्रेडरिक गैसबर्ग कलकत्त्यास उतरला आणि हिंदुस्थानांत ध्वनिमुद्रिकांच्या व्यवसायास प्रारंभ झाला. मिनिटास ७८ फेरे घेणाऱ्या त्या तबकडीच्या एका बाजूवर तीन-साडेतीन मिनिटांहून अधिक गाणें सहसा मावत नसे. रंगभूमीवर 'वन्स मोअर'च्या गजरांत वाढत जाणारें बालगंधर्वांचें पद असो, कीं बैठकींत तासभर चालणारा ख्याल असो, सर्वांस एकाच मापाच्या पेटींत बसावें लागे. गोव्यांतील केरी गांवीं जन्मलेल्या व मुंबईंत कीर्ति मिळविलेल्या केसरबाई केरकरांची जी भैरवी १९७७ सालीं व्हॉयेजर यानांबरोबर अंतराळांत गेली, तीही साडेतीन मिनिटांचीच आहे. काळाची ओढाताण तेव्हांही होती. पण आलापांतील कोणता विसांवा ठेवावयाचा व कोणता सोडावयाचा हें गाणारा स्वतः ठरवीत असे. कात्री होती ती कलावंताच्याच हातीं होती.

२३ जुलै १९२७ रोजीं मुंबईचें नभोवाणी केंद्र सुरू झालें, तेव्हांही निराळी स्थिति नव्हती. वक्ता बोले तें त्याच क्षणीं, त्याच्या सर्व विरामांसह, श्रोत्यांच्या घरीं पोंचे. आणि तबकडीवर एकदां उमटलेला विराम मागाहून काढण्याची सोयही नव्हती. ती सोय चुंबकीय फितीनें केली. १९३५ सालीं बर्लिनच्या प्रदर्शनांत जर्मनीच्या आ-ए-गे कंपनीनें फितीवर मुद्रण करणारें यंत्र मांडलें, आणि पुढें हें साधन जगभर पसरलें. नको असलेला तुकडा ब्लेडनें कापावा, दोन टोकें चिकटवावीं, कीं काम झालें. येथें कात्री प्रथमच बोलणाराच्या हातांतून दुसऱ्याच्या हातीं गेली. तरी हा दुसरा मनुष्यच होता. तो प्रत्येक विराम कानानें ऐके, वक्ता येथें अडखळला कीं मुद्दाम थांबला याचा विचार करी, आणि मगच ब्लेड लावी.

मौनाचा हिशेब यंत्राकडे सोंपविण्याची पाळी आली ती समुद्राखालच्या तारांमुळें. २५ सप्टेंबर १९५६ रोजीं अटलांटिक महासागराखालून दूरध्वनीची पहिली तार सुरू झाली. तिच्यावरून एका वेळीं जेमतेम तीन डझन संभाषणें चालत, आणि मागणी तर त्याहून पुष्कळ अधिक होती. अभियंत्यांनीं विचार केला कीं, दोघांच्या संभाषणांत एक बोलतो तेव्हां दुसरा ऐकतो, शिवाय बोलणाराच्या वाक्यावाक्यांतही खंड पडतो. म्हणजे प्रत्येक दिशेचा मार्ग निम्म्याहून अधिक वेळ रिकामाच राहतो. तेव्हां बेल प्रयोगशाळेंत असें यंत्र तयार झालें कीं, तें प्रत्येक मार्गावर कान लावून बसे, बोलणारा थांबतांच तो मार्ग दुसऱ्या कोणाच्या बोलण्यास देई, आणि पहिला पुन्हां बोलूं लागतांच त्यास रिकामा असेल तो मार्ग जोडून देई. जून १९६० पासून या युक्तीनें ३७ मार्गांवर ७२ संभाषणें चालूं लागलीं. एकदम सगळेच बोलूं लागले तर एखाद्याच्या वाक्याचा आरंभींचा तुकडा गळून जाई, एवढाच त्यांत धोका होता.

या युक्तीचें मर्म मात्र लक्षांत ठेवण्यासारखें आहे. लंडनचा मनुष्य तीन सेकंद थांबला, तर न्यूयॉर्कच्या मनुष्यास तीन सेकंदांचीच शांतता ऐकूं येई. मधल्या वेळांत तो मार्ग तिसऱ्याच्या उपयोगीं पडला, याची दोघांसही गंधवार्ता नसे. मौन उसनें घेतलें जाई, आणि ज्याचें त्यास तें पुरेपूर परत मिळे.

हाच धर्म पुढें मोबाइल दूरध्वनीनेंही पाळला. आपल्या देशांत १९९५ सालीं सुरू झालेल्या या सेवेच्या मूळ योजनेंतच अशी तजवीज आहे कीं, बोलणारा गप्प झाला म्हणजे त्याच्या हातांतील यंत्रानें प्रक्षेपण जवळजवळ थांबवावें, आणि विजेची व हवेंतील जागेची बचत करावी. परंतु अगदीं निर्जीव शांतता कानीं पडली तर संभाषण तुटलें असें वाटून पलीकडचा माणूस 'हॅलो, हॅलो' करूं लागतो; म्हणून त्याच्या बाजूस सौम्य असा कृत्रिम खरखराट मुद्दाम उत्पन्न करतात. मौन पाठविलें नाहीं, तरी मौनाची जागा व लांबी राखली जाते.

अंधेरीच्या पश्चिमेस वर्सोव्याच्या किनाऱ्यावर आज समुद्राखालून कित्येक तारा येऊन मिळतात. त्यांतील काचेच्या तंतूंवरून इतकें कांहीं वाहून नेतां येतें कीं, एखाद्याच्या बोलण्यांतील चार सेकंदांचें ओझें त्यांस जाणवूंही नये. मार्गाची टंचाई संपली. आतां टंचाई आहे ती ऐकणाराच्या वेळेची. आणि येथेंच मौनाशीं होणारा व्यवहार पालटला. २००० सालीं प्रथम प्रसिद्ध झालेल्या व कोणासही फुकट मिळणाऱ्या 'ऑडॅसिटी' या साधनांत विराम आंखूड करण्याची सोय पुढें आली. २०१४ सालीं निघालेल्या 'ओव्हरकास्ट' या साधनांत तर ऐकतां ऐकतांच विराम आक्रसून घेण्याची योजना झाली. पूर्वीं मौन उसनें घेत. आतां तें कापून दोन्हीं कडा जुळवून टाकतात. तो काळ श्रोत्यास परत मिळत नाहीं, आणि तेथें कांहीं होतें याची खूणही राहत नाहीं.

हें काम यंत्र करतें कसें? आवाजाचे सेकंदाच्या शंभराव्या भागाएवढे बारीक तुकडे करून प्रत्येकाचा जोर तें मोजतें. ठरविलेल्या पातळीहून जोर कमी, आणि ठरविलेल्या मुदतीहून अधिक वेळ कमी, असें आढळलें कीं तो भाग 'रिकामा' ठरतो. पण बोलणें आणि न बोलणें यांची सीमा एवढी सरळ नाहीं. १९७५ सालीं रॅबिनर व सॅम्बर या अमेरिकन संशोधकांनीं दाखविलें कीं, 'स', 'फ' यांसारख्या क्षीण घर्षणध्वनींनीं आरंभ होणारे शब्द केवळ जोरावरून नीट पकडतां येत नाहींत, ध्वनिलहरी किती वेळां खालींवर होते हेंही पाहावें लागतें. आमच्या भाषेंत तर शब्दाच्या पोटांतही मौन आहे. 'मका' आणि 'मक्का' हे दोन शब्द उच्चारून पाहावे. दुसऱ्यांत जीभ टाळूस लागून श्वास क्षणभर अधिक कोंडला जातो; त्या वेळीं बाहेर कांहींच ऐकूं येत नाहीं, आणि त्या अधिक न ऐकूं येण्यानेंच अर्थ बदलतो. मुदत फार खालीं आणणारा उतावळा मनुष्य या मौनासही हात घालील.

याहूनही मोठा धोका मराठी वाक्याच्या शेवटीं आहे. आपलें क्रियापद शेवटीं येतें, आणि नकार बहुधा त्याच्याही मागून येतो. 'मीं त्याला त्या दिवशीं पाहिलें' येथपर्यंत आवाज खणखणीत असतो; मग श्वास संपत येतो, स्वर उतरतो, आणि वृद्ध किंवा संकोची माणसाच्या तोंडून 'नाहीं' हा शब्द ओठांतल्या ओठांत बाहेर पडतो. पातळी थोडी वर ठेवली, कीं नेमका हाच शब्द रिकाम्या जागेंत जमा होण्याचा संभव. मनुष्यवाणी ओळखण्याचें शिक्षण दिलेलीं अलीकडचीं यंत्रें असली चूक पुष्कळ कमी करतात, हें कबूल केलें पाहिजे. तथापि शब्द एकही न गमावतां सर्व विराम कापले, तरी कांहीं गमावलें जातेंच. लंडनच्या विदुषी फ्रीडा गोल्डमन-आयस्लर यांनीं उत्स्फूर्त भाषणांतील विरामांचें मोजमाप करून १९६८ सालीं ग्रंथ प्रसिद्ध केला. पाव सेकंदाहून लहान खंड उच्चाराच्या हालचालीचे म्हणून त्यांनीं हिशेबाबाहेर ठेवले. आणि उरलेल्यांविषयीं असें दाखविलें कीं, ज्या शब्दाचा मागच्या शब्दांवरून अंदाज बांधतां येत नाहीं त्याच्या आधीं बोलणारा बहुधा थांबतो. म्हणजे विचार जेथें घडतो तेथेंच वाणी थबकते. तें थबकणें काढून टाकलें तर निष्कर्ष तेवढे उरतात, विचार करणारा माणूस दिसेनासा होतो.

न्यायासनानें ही गोष्ट आपल्या परीनें केव्हांच ओळखली आहे. १९७२ सालीं आर. एम. मलकानी विरुद्ध महाराष्ट्र राज्य या मुंबईच्या खटल्यांत सर्वोच्च न्यायालयानें फितीवरील दूरध्वनि-संभाषण पुरावा म्हणून मान्य केलें. पण फितींतून कांहीं पुसलें गेल्याची शक्यता नसावी, असा दंडक घातला. १९८५ सालीं रामसिंग खटल्यांत तोच अधिक विस्तारानें सांगितला. प्रश्न विचारल्यावर साक्षीदार चटकन् बोलला, कीं दहा सेकंद गप्प राहून बोलला, यांतील अंतर कोणताही अनुभवी वकील जाणतो. मुद्रण 'स्वच्छ' करण्याचा हेतु कितीही निर्मळ असला, तरी असें स्वच्छ केलेलें मुद्रण या कसोटीस कसें उतरणार?

आणि न्यायालयाबाहेरही साक्षी असतात. हेमा राईरकर व गी प्वातव्हां यांनीं महाराष्ट्राच्या खेड्यांतून जात्यावरच्या लाखाहून अधिक ओव्या जमविल्या; त्यांपैकीं पुष्कळांचें ध्वनिमुद्रण झालें, आणि २०१७ पासून त्या 'परी' या संग्रहांतून लोकांपुढें येत आहेत. जातें फिरत असतां बाई ओळीनंतर थांबली, तर घरघर चालू असल्यामुळें यंत्र त्यास आवाजच समजेल व विराम शाबूत राहील. तीच ओवी तिनें जात्यावांचून शांत खोलींत म्हटली, तर तोच विराम कापण्यास पात्र ठरेल. बाई तीच, ओवी तीच, थांबणेंही तेंच. यंत्र मोजतें तें भोंवतालच्या खोलीचें मौन. बाईचें मौन त्यास कळतच नाहीं.

याचा अर्थ हें साधन टाकून द्यावें असा नव्हे. बोलक्या पुस्तकांवर अभ्यास करणाऱ्या अंध विद्यार्थ्यास वेळ वांचविण्याचा पूर्ण अधिकार आहे. बाजारभाव, सूचना, पाठांतराचे धडे यांतील खंड गेले तर कोणाचें नुकसान होत नाहीं. परंतु उपनगरांतील कितीतरी घरांत आज आजीआजोबांच्या आठवणी मोबाइलवर मुद्रित होत आहेत. गांव कसें सुटलें, गिरणी कशी बंद पडली, पहिली खोली कोणाच्या मदतीनें मिळाली, हें सांगतांना तीं मध्येंच थांबतात. अशा मुद्रणाची मूळ प्रत अखंड ठेवावी. काटछाट करावयाची तर दुसऱ्या प्रतीवर करावी, आणि ती केली आहे असें त्या प्रतीच्या नांवांतच लिहावें. काम दोन मिनिटांचें आहे. नातवंडें पुढें कधीं ऐकतील, तेव्हां आजी कोठें थांबली हें त्यांस कळेल, आणि कां थांबली हें विचारण्याची बुद्धि तरी होईल.