छोट्या प्रवाळटाकीसाठी काय निवडावे : स्किमर की रेफ्युजियम?

अलिबागहून रेवदंडा आणि साळाव मागे टाकून मुरुडकडे जाऊ लागले की काशीदचा पांढुरक्या वाळूचा किनारा लागतो. वारा जोराचा असला, विशेषतः पावसाळ्याच्या आगेमागे, तर येथे पाण्याच्या कडेला पिवळसर फेसाचा पट्टा साचलेला दिसतो. पुष्कळांना तो साबणाचा किंवा सांडपाण्याचा वाटतो. बहुतेक वेळा तो समुद्राचाच असतो. मृत प्लवक, कुजलेले शैवाल आणि जलचरांनी सोडलेला चिकट द्रव यांतून पाण्यात विरघळलेले सेंद्रिय पदार्थ लाटांच्या घुसळणीने हवेच्या बुडबुड्यांना चिकटतात आणि फेस होऊन वर येतात. याच किनाऱ्यावर काळ्या खडकांच्या खळग्यांतून ओहोटीनंतर पाणी मागे राहते. त्यात हिरवे-तपकिरी शैवाल वाढते आणि त्याच्या आडोशाला कोळंबीची पिले, लहान खेकडे व डोळ्यांना जेमतेम दिसणारे असंख्य कवचधारी जीव सुरक्षित राहतात.

घरी समुद्री टाकी ठेवणाऱ्यांना नेहमी पडणारा प्रश्न या दोन दृश्यांत सामावलेला आहे. प्रोटीन स्किमर म्हणजे तो फेस यंत्राने घडवून आणणे. रेफ्युजियम म्हणजे तो खळगा मुख्य टाकीला जोडून, पण तिच्यातील माशांपासून वेगळा, जोपासणे. ज्याच्याकडे मोठी टाकी, तिच्याखाली प्रशस्त संप आणि पुरेसा पैसा आहे तो दोन्ही बसवतो. साठ ते शंभर लिटरच्या टाकीत मात्र एकालाच जागा असते, आणि तेथे निवड करावी लागते.

प्रथम कायद्याविषयी. पाषाणप्रवाळ, काळे प्रवाळ, ऑर्गन पाइप प्रवाळ, अग्निप्रवाळ आणि समुद्रपंखे यांना २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीचे संरक्षण आहे. त्यामुळे मालवणच्या किंवा आणखी कोठल्या खडकांवरून प्रवाळ अथवा प्रवाळ चिकटलेला दगड उचलून आणणे हा गुन्हा ठरतो, मग तो तुकडा कितीही लहान असो. विक्रेत्याकडून काही घेताना ते कोठून आले हे विचारून घ्यावे. उत्तर गुळमुळीत मिळाले तर वस्तू परत ठेवावी.

आता यंत्राकडे वळू. स्किमरमध्ये एका उभ्या नळकांड्यात पाणी आणि अतिशय बारीक बुडबुडे एकत्र येतात. सेंद्रिय रेणूंपैकी ज्यांचे एक टोक पाण्याला टाळते ते बुडबुड्याच्या पृष्ठभागावर जाऊन बसतात. फेस वर चढतो, अरुंद मानेतून बाहेर पडतो आणि वरच्या पात्रात चहाच्या रंगाचा दुर्गंधीयुक्त द्रव जमा होतो. गोड्या पाण्यात बुडबुडे एकमेकांत मिसळून मोठे होतात, म्हणून हे उपकरण तेथे निरुपयोगी ठरते. ते पाहून नवशिक्याला वाटते की सारी घाण गेली. तसे नसते. पेनसिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठातील रसायनशास्त्रज्ञ केन फेल्डमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९-१० च्या सुमारास केलेल्या मोजमापांत, चांगले स्किमरही पाण्यातील एकूण सेंद्रिय कार्बनापैकी वीस ते तीस टक्केच काढू शकतात असे आढळले. बाकीचे रेणू बुडबुड्याला चिकटतच नाहीत. तयार झालेल्या नायट्रेट-फॉस्फेटला तर स्किमर हातही लावत नाही. त्याचे काम कुजण्याच्या आधीचे आहे.

रेफ्युजियमचे काम कुजून झाल्यानंतर सुरू होते. माशांची विष्ठा आणि उरलेले अन्न यांतून अमोनिया, त्यातून नायट्राइट व पुढे नायट्रेट बनते. शैवाल यांपैकी अमोनिया आणि नायट्रेट शोषून वाढते. येथे एक हिशेब करून पाहण्यासारखा आहे. माशांच्या कोरड्या खाद्यात साधारण ४५ टक्के प्रथिने असतात आणि प्रथिनांत सुमारे १६ टक्के नायट्रोजन. म्हणजे एक ग्रॅम खाद्यातून सुमारे ७२ मिलिग्रॅम नायट्रोजन टाकीत येतो. माशांच्या अंगी लागणारा भाग सोडून दिला तर त्याचे सुमारे ३२० मिलिग्रॅम नायट्रेट होते. ऐंशी लिटरच्या टाकीत ही वाढ लिटरमागे ४ मिलिग्रॅम इतकी होते. आठवड्याला एक ग्रॅम खाद्य घातले आणि दर आठवड्याला पंधरा टक्के पाणी बदलले, तर नायट्रेट हळूहळू चढत जाऊन पाणी बदलण्यापूर्वी २७ मिलिग्रॅमच्या आसपास स्थिरावते. खडकांच्या आतील प्राणवायूविरहित भागातले जिवाणू यातले काही नष्ट करतात, म्हणून प्रत्यक्षातला आकडा कमी येतो. पण कल येतो तो असाच.

शैवालाकडून किती अपेक्षा ठेवावी? ओल्या शैवालात कोरडा भाग दहा टक्क्यांच्या आसपास आणि त्यात नायट्रोजन तीन टक्के धरला, तर शंभर ग्रॅम ओले शैवाल कापून बाहेर काढल्यावर चार ग्रॅम खाद्याएवढा नायट्रोजन टाकीबाहेर जातो. आठवड्याला पंचवीस ग्रॅम काढता आले तर वरच्या उदाहरणातील हिशेब बरोबर जुळतो, आणि दहा लिटरच्या चांगल्या उजेडाच्या कप्प्यात एवढी वाढ अशक्य नाही. मात्र शैवाल कापून बाहेर काढले तरच हे घडते. हिरवी झुडपे शोभेची म्हणून वाढू देणारे स्वतःचीच फसवणूक करतात, कारण जुना भाग सडतो आणि घेतलेले सारे पाण्याला परत देतो. आणखी एक मर्यादा आहे. ॲटकिन्सन आणि स्मिथ यांनी १९८३ मध्ये मांडल्याप्रमाणे, समुद्रतळाशी वाढणाऱ्या वनस्पतींत फॉस्फरसच्या एका अणूमागे नायट्रोजनचे सुमारे तीस अणू असतात. नायट्रेट संपले की शैवालाची वाढ थांबते आणि फॉस्फेट मागे उरते.

शैवालाची जात निवडताना कॉलर्पाचा मोह टाळावा. आपल्या किनाऱ्यावरील खडकांवर ते आढळते, दिसतेही सुंदर. परंतु प्रजननाच्या वेळी अख्खी वनस्पती एका रात्रीत पांढरी पडून विरघळते आणि टाकीचे पाणी दुधासारखे गढूळ होते. छोट्या टाकीला हा धक्का सहसा सोसत नाही. तारांच्या गुंडाळीसारखे दिसणारे, मोकळे तरंगणारे कीटोमॉर्फा अधिक विश्वासाचे.

येथवर पारडे रेफ्युजियमकडे झुकते, आणि परदेशी पुस्तकांतील सल्लाही छोट्या टाकीबाबत बहुधा तोच असतो. कोकणात आणि मुंबईत मात्र आणखी एक गोष्ट तोलावी लागते, ती म्हणजे प्राणवायू. समुद्राच्या पाण्यात २५ अंश सेल्सिअसला लिटरमागे सुमारे ६.७ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळतो. ३० अंशांना तो ६.२ पर्यंत उतरतो, आणि त्याच वेळी माशांची व जिवाणूंची गरज वाढलेली असते. एप्रिल-मेमध्ये टाकीवर लहान पंखा लावून बाष्पीभवनाने पाणी दोन-तीन अंश थंड करता येते. जूननंतर हवा आर्द्र झाली की पंख्याचा उपयोग फारसा उरत नाही. खिडक्या बंद असतात, खोलीत कार्बन डायऑक्साइड साठतो आणि पाण्याचा सामू उतरतो. अशा वेळी स्किमरचा खरा उपकार कळतो. तो काय काढतो यापेक्षा तो पाण्यात किती हवा घुसळतो याला अधिक महत्त्व येते. त्याची हवेची नळी खिडकीबाहेर सोडली तर सामूही सावरतो. रेफ्युजियमचा दिवा मुख्य दिव्याच्या उलट वेळेला, म्हणजे रात्री, लावला तर शैवालही प्राणवायू देते आणि सामूला आधार देते. मात्र दिवा चालू आहे तोवरच.

वीज गेली की चित्र उलटते. अंधारातले शैवाल प्राणवायू देण्याऐवजी घेऊ लागते. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आले तेव्हा रायगडमधील कित्येक गावांत अनेक दिवस वीज नव्हती. वादळ नसतानाही पावसाळ्यात चार-सहा तासांचा खंड या भागात कोणालाही नवा नाही. ऐंशी लिटर पाण्यात दोन-तीन मासे आणि दाट वाढलेले शैवाल असेल, तर रात्रीचे ते सहा तास पुरेसे ठरतात. स्किमरही वीज गेल्यावर बंदच पडतो, पण तो निदान असलेला प्राणवायू खात नाही. म्हणून दोन्हींच्या आधी बॅटरीवर चालणारा हवेचा पंप घ्यावा. त्याची किंमत दोन्हींहून कमी असते. लाकडी एअरस्टोनवर चालणारा जुन्या पद्धतीचा स्किमर मिळाला तर आणखी बरे, कारण त्याला हवेचा पंपच लागतो आणि पंप बॅटरीवर चालू शकतो.

प्रस्तुत लेखकाचे मत असे : काशीद-मुरुडपासून मुंबईपर्यंतच्या घरांत, ऐंशी ते शंभर लिटरच्या टाकीत दोनहून अधिक मासे असतील तर पहिली निवड स्किमरची करावी. मासा एखादाच असेल, भर झोअँथिड किंवा मश्रूम यांसारख्या सोशिक जीवांवर असेल आणि घरात इन्व्हर्टर असेल, तर रेफ्युजियम घ्यावे. त्यात निपजणारे कोपेपॉड मुख्य टाकीत वाहत जातात आणि हे जिवंत खाद्य कोणत्याही डबीत मिळत नाही. साठ लिटरहून लहान टाकीला यांपैकी काहीच नको. तेवढ्या पाण्यात बसणारे स्किमर सहसा खेळण्याच्या दर्जाचे असतात. माफक खाद्य आणि आठवड्याचे दहा लिटर ताजे पाणी यांनी तेथे अधिक काम होते. इंडोनेशियाच्या ली चिन इंग यांनी १९६१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आपल्या पद्धतीत जिवंत दगड, समुद्राचे पाणी आणि हवेचे बुडबुडे याखेरीज काही नव्हते, हे येथे आठवावे.

स्किमर घेणाऱ्याने पहिले दोन आठवडे धीर धरावा. नव्या प्लॅस्टिकवर थर बसेपर्यंत तो कधी फेस देत नाही, कधी उतू जातो. टाकीत हात घातल्यावर त्वचेच्या तेलामुळे काही तास फेस बसतो, तेव्हा झडपा फिरवत बसू नये. मानेच्या आतील चिकट थर दोन-तीन दिवसांनी पुसला नाही तर फेस वर चढत नाही. पुष्कळ स्किमर नादुरुस्त म्हणून माळ्यावर जातात ते केवळ यामुळे.

पाणी बदलण्यासाठी काशीदचे पाणी आणावे का, असे काही जण विचारतात. पावसाळ्यात तर मुळीच नाही. कुंडलिका आणि राजपुरीच्या खाड्यांतून येणारे गोडे, गाळयुक्त पाणी तेव्हा किनाऱ्याला लागून पसरते. हिवाळ्यात, भरतीच्या वेळी आणि खाडीच्या मुखापासून दूर भरलेले पाणी झाकून, अंधारात दोन आठवडे ठेवावे, वरचे निवळ तेवढे घ्यावे आणि विशिष्ट गुरुत्व १.०२५ च्या जवळ असल्याची खात्री करून वापरावे. वर्षभर एकसारखी गुणवत्ता हवी असेल तर आरओच्या पाण्यात कृत्रिम मीठ मिसळणे सोयीचे.

रेफ्युजियममधून कापलेले शैवाल समुद्रात किंवा गटारात टाकू नये. मोनॅकोच्या सागरी संग्रहालयासमोर १९८४ मध्ये दिसलेला कॉलर्पा टॅक्सिफोलियाचा लहानसा पुंजका पुढे भूमध्य समुद्राच्या तळाशी हजारो हेक्टरवर पसरला. गोड्या पाण्यात धुऊन उन्हात वाळवलेले शैवाल नारळाच्या आळ्यात घालता येते. नारळाला थोड्या मिठाचे वावडे नसते.