चिकाचे तीन दिवस

बाळ झाल्याची बातमी आली की आपण विचारतो, मुलगा की मुलगी? आणि लगोलग, वजन किती? यांतला पहिला प्रश्न माणसाइतकाच जुना असावा. दुसरा मात्र फार तर पावणेतीनशे वर्षांचा आहे. सतराव्या शतकातील फ्रान्सचा नामांकित प्रसूतितज्ज्ञ मोरिसो याने पूर्ण दिवसांच्या बाळाचे वजन बारा पौंड असते असे लिहून ठेवले होते, आणि पुढेही कित्येक वर्षे असेच आकडे फिरत राहिले. १७५३ साली जर्मनीत गॉटिंगेन येथे योहान रोडेररने बाळांना सरळ तागडीत घातले. वजन भरले मोरिसोच्या आकड्याच्या जवळजवळ निम्मे! इतकी बाळंतपणे केलेल्या माणसाचा हातातल्या ओझ्याचा अंदाज एवढा चुकावा याचे आपल्याला नवल वाटते. पण मोजून पाहायचे कुणाला सुचलेच नव्हते.

बेल्जियमचा आदोल्फ केतले हा मूळचा खगोलशास्त्रज्ञ. माणसांची मापे घेऊन त्यांच्या सरासऱ्या काढण्याचा त्याला नाद होता. १८३५ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या ग्रंथात ब्रुसेल्सच्या प्रसूतिगृहातील नवजात मुलग्यांचे सरासरी वजन ३.२० किलो आणि मुलींचे २.९१ किलो दिलेले आहे. त्याहून महत्त्वाची नोंद पुढे येते. जन्मानंतर तिसऱ्या दिवसापर्यंत बाळाचे वजन थोडे घटते, आणि आठवडा उलटल्यावरच ते जाणवण्याइतके वाढू लागते.

वाढण्यासाठी जन्मलेले बाळ आधी घटते कसे? पोटातल्या नऊ महिन्यांत बाळाच्या शरीरात पाण्याचे प्रमाण बरेच असते. जन्मल्यावर त्यातले जादा पाणी लघवीवाटे आणि श्वासावाटे बाहेर पडते. काळपट, चिकट अशी पहिली शी होते. आत येणारे मात्र थोडे असते, कारण पहिल्या दिवशी आईला येणारे घट्ट, पिवळसर दूध काही चमचेच भरते. वार पडली की आईच्या रक्तातील प्रोजेस्टेरॉन झपाट्याने उतरते. भरपूर दूध तयार करण्याचा हा इशारा असतो, पण त्याला फळ यायला दोन-तीन दिवस लागतात. तोवर तीन किलोचे बाळ दीडशे-दोनशे ग्रॅमने हलके होते आणि साधारण दहा ते चौदा दिवसांत मूळ वजनावर परत येते.

तागडी नव्हती तेव्हाही लोकांना यातले अर्धे दिसतच होते. स्त्रीला दूध तिसऱ्या-चौथ्या दिवशी सुटते, तोवर बाळाला मध-तूप द्यावे, असे सुश्रुतसंहिता सांगते. निरीक्षण चोख आहे. पण त्या आधीच्या पिवळ्या थेंबांना हिशेबात जागा नाही. चरकसंहितेत मात्र मध-तूप चाटवल्यावर लगेच स्तन द्यायला सांगितले आहे. असाच मतभेद रोमन जगातही होता. दुसऱ्या शतकातला वैद्य सोरेनस आईचे दूध वीस दिवस वाईट मानत असे, आणि बाळाला लगेच पाजा म्हणणाऱ्या दामास्तीस नावाच्या वैद्यावर त्याने टीका केली आहे. सोरेनसचे ग्रंथ वैद्यांच्या पिढ्यांनी जपले. दामास्तीसचे मत मात्र आपल्याला कळते ते या टीकेमुळेच.

गोठ्यातला न्याय अगदी वेगळा. गाय व्याली की वासराला चीक मिळालाच पाहिजे हे शेतकऱ्याला सांगावे लागत नाही, आणि उरलेल्या चिकाचा खरवस आपण आवडीने खातो. त्याच घरातल्या बाळंतिणीचा चीक मात्र 'जड' किंवा 'खराब' म्हणून पिळून टाकला जाई. वर्गातल्या मुलांना आपापल्या आजीला विचारायला सांगावे, की तुमच्या बाळांच्या तोंडात पहिल्यांदा काय घातले होते? उत्तरांची यादी फळ्यावर लिहिली तर तासभर चर्चा सहज होईल.

युरोपातही नवजात बाळाला लोणी-साखर, तेल, पेज असे काहीबाही भरवून पोट साफ करण्याची रीत होती. १७४८ साली लंडनमध्ये विल्यम कॅडोगनने एका छोट्या पुस्तिकेत तिच्यावर कडाडून टीका केली. पोट साफ करण्याची सोय निसर्गाने आईच्या पहिल्या दुधातच केलेली आहे, असे त्याचे म्हणणे. ते बरोबर होते, पण अपुरे होते. चिकात आणखी काही असते हे कळायला दीडशे वर्षे जावी लागली.

१८९२ साली पाउल एर्लिखने उंदरांवर एक सुरेख प्रयोग प्रसिद्ध केला. एरंड, गुंज यांच्या बियांतील विषे अगदी थोड्या मात्रेत देऊन त्याने काही माद्यांत प्रतिकारशक्ती निर्माण केली. मग त्यांची पिल्ले आणि साध्या माद्यांची पिल्ले यांची अदलाबदल केली. साध्या मादीच्या पोटी जन्मून प्रतिकारक्षम मादीचे दूध प्यालेली पिल्लेही त्या विषाला पुरून उरली. म्हणजे संरक्षण दुधातून आले होते! माणसाच्या बाबतीत तपशील थोडा वेगळा आहे. रक्तातली प्रतिपिंडे बाळाला मुख्यतः वारेतूनच मिळतात. चिकातली प्रतिपिंडे बहुतांशी आतड्यातच राहून तिथल्या अस्तराचे रक्षण करतात. वासराला मात्र वारेतून काहीच मिळत नाही. शेतकऱ्याचा आग्रह उगीच नव्हता.

त्याच वर्षी, १८९२ मध्ये, पॅरिसच्या शारिते रुग्णालयात पिएर ब्युदँने घरी गेलेल्या बाळांसाठी दवाखाना सुरू केला. आयांनी दर आठवड्याला बाळ आणायचे, वजन करून घ्यायचे. अंगावर पाजण्यावर भर, आणि अगदीच गरज पडली तर निर्जंतुक केलेले गाईचे दूध. तागडी इथे आईच्या बाजूने साक्ष देत होती.

पुढे तिचा उलटा उपयोगही झाला. विसाव्या शतकात युरोप-अमेरिकेतल्या अनेक रुग्णालयांत बाळ आईपासून दूर, वेगळ्या खोलीत राहू लागले. चार-चार तासांनी पाजायचे, आधी आणि नंतर वजन करायचे, आकडा कमी भरला की बाटली. बाटलीने पोट भरलेले बाळ कमी चोखते, आणि कमी चोखले की दूध कमी तयार होते. 'दूध पुरत नाही' हे भाकीत अशा रीतीने स्वतःला खरे करून घेत असे.

यात जिवाचा प्रश्न होता. ग्रामीण घानातील सुमारे अकरा हजार बाळांच्या नोंदींचा अभ्यास २००६ साली प्रसिद्ध झाला. सगळ्या बाळांना जन्मल्यापासून तासाभरात पाजले गेले असते, तर पहिल्या महिन्यातले सुमारे २२ टक्के मृत्यू टळू शकले असते, असा त्याचा हिशेब आहे.

आणि तागडीचा आकडा तरी किती निखळ? प्रसूतीच्या वेळी आईला सलाईन बरेच दिले असेल, तर त्यातले काही पाणी बाळाकडेही जाते, बाळ जन्मताना थोडे जड भरते आणि पहिल्या दिवशी जास्त लघवी करून जास्त 'घटते'. २०११ साली कॅनडातील संशोधकांनी हे दाखवले आणि घट जन्मवेळच्या वजनापासून न मोजता चोवीस तासांनंतरच्या वजनापासून मोजावी असे सुचवले.

अर्थात काही वेळा घट खरोखरच धोक्याची असते. ती दहा टक्क्यांच्या वर गेली, किंवा दोन आठवड्यांनीही वजन भरून आले नाही, तर डॉक्टरांनी पाहायलाच हवे. अडीच किलोहून कमी वजनाच्या बाळांना चोखण्याचे बळच कमी असते. त्यांना आईचे दूध काढून चमच्याने पाजावे लागते, ऊब द्यावी लागते. गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने ३९ गावांत हे काम गावातल्याच प्रशिक्षित स्त्रियांवर सोपवले. त्या घरोघरी जाऊन बाळाचे वजन करीत, आईला पाजायला मदत करीत आणि जंतुसंसर्ग ओळखून औषधही देत. १९९९ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. शेजारच्या, असे काम न झालेल्या गावांशी तुलना करता नवजात मृत्यूंचे प्रमाण ६२ टक्क्यांनी उतरले होते. त्यात औषधाचा वाटा किती, उबेचा किती आणि दुधाचा किती, हे वेगळे काढणे अवघड आहे.