पीआयसी व पीआयई पर्यायांतील विरोध

यंत्रसंकेत स्मृतीत कोणत्याही पत्त्यावर चढवला तरी चालावा, यासाठी कंपायलरला पीआयसी किंवा पीआयई हा पर्याय देतात. पहिला शेअर्ड लायब्ररीसाठी, दुसरा स्वतंत्रपणे चालणाऱ्या प्रोग्रामसाठी. दोन्ही लहान लिपीत आणि मोठ्या लिपीत लिहिता येतात. लहान लिपीतल्या पर्यायात ऑफसेट टेबलच्या आकाराला काही प्रोसेसरांवर मर्यादा पडते (स्पार्कवर ८ केबी, एआर्च६४ वर २८ केबी). एक्स८६ वर पडत नाही.

एकाच कमांडमध्ये परस्परविरोधी पर्याय आले, तर जीसीसी आणि क्लँग शेवटचा पर्याय मानतात. क्लँगमध्ये शेवटी कोणताही नकारार्थी पर्याय आला, तर पीआयसी व पीआयई दोन्ही रद्द होतात. मेकफाइलने आधी लिहिलेले वापरणाऱ्याला पुढे बदलता यावे, म्हणून ही रीत सोयीची.

मात्र हे दोन पर्याय बरोबरीचे नाहीत. पीआयसीने बनवलेली ऑब्जेक्ट फाइल प्रोग्राममध्ये बिनतक्रार जोडली जाते. पीआयईची फाइल लायब्ररीत बहुधा चालत नाही, कारण आपल्या चिन्हांची जागा दुसरे कोणी घेणार नाही, असे कंपायलरने गृहीत धरलेले असते. त्यामुळे लायब्ररीच्या कमांडमध्ये पीआयसीनंतर पीआयई आला, तर कंपायलर गप्प राहतो आणि लिंकर ‘पीआयसी देऊन पुन्हा कंपाइल करा’ असे बजावतो. कमांडमध्ये पीआयसी तर डोळ्यांसमोर असतो! अशा वेळी कंपायलरने निदान इशारा तरी द्यायला हवा.

माणसाने लिहिलेला पर्याय आणि प्रणालीने आपणहून जोडलेला पर्याय यांतही फरक करणे आवश्यक आहे. सर्व पॅकेजे पीआयईने बांधण्याचे धोरण फेडोराने २०१५ साली आवृत्ती २३ पासून स्वीकारले, तेव्हा पीआयई थेट न लिहिता ‘स्पेक्स’ फाइलीतून दिला. कमांडमध्ये पीआयसी असल्यास हा पीआयई लागू होत नाही. हाच मार्ग योग्य. जीसीसी ६ पासून (२०१६) कंपायलर बांधतानाच पीआयई मूळ पर्याय म्हणून ठरवता येतो.

लिंकच्या वेळी होणाऱ्या ऑप्टिमायझेशनमध्ये (एलटीओ) मात्र क्रमाला महत्त्व नसते. वेगवेगळ्या फाइलींचे पर्याय जुळले नाहीत, तर जीसीसी सौम्य पर्याय घेते: पीआयसी आणि पीआयई मिळून पीआयई, एक फाइल पीआयसीची आणि दुसरी साधी असेल, तर सगळेच साधे. चुकून पीआयसीने बनलेल्या दोनचार फाइलींपायी सगळा प्रोग्राम तसा बनू नये, हा त्यामागचा हेतू.