आडवी बाटली आणि उसाला गेलेल्या बायका

अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात नोव्हेंबर २०१६ मध्ये लोकांनी मतदान करून गांजाला परवानगी दिली. डिसेंबर संपायच्या आत आमदारांनी दुकानं उघडण्याची तारीख सहा महिने पुढे ढकलली. लोकांनी कौल द्यायचा आणि सरकारनं त्याला आपल्या सोयीनं वळण लावायचं, ही रीत आपल्याला नवी नाही. फक्त आपल्याकडे मतदान गांजावर नाही, दारूवर होतं.

आपला बीड जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. आबकारी हा तिथे खजिन्याचा मोठा आधार. (फारसीत ‘दारू’ म्हणजे औषध. हे वर्गात सांगितलं की मुलं हमखास हसतात.) पुढे १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा इथेही लागू झाला. गंमत अशी की दारूच्या दुकानांचे परवानेही याच दारूबंदी कायद्याखाली मिळतात.

चंद्रपूरच्या बायकांनी या परवान्यांशी लढा दिला. पाचशेहून जास्त ग्रामपंचायतींचे ठराव, २०१० मध्ये चिमूरहून नागपूरच्या अधिवेशनावर पायी मोर्चा, मग समिती. १ एप्रिल २०१५ ला बंदी आली. २७ मे २०२१ ला मंत्रिमंडळानं ती उठवली. कारणं अवैध दारू, वाढलेले गुन्हे आणि बुडणारा महसूल. कारणं खोटी नव्हती. निवेदनंही मागवली होती, पण ज्या बायका चालत गेल्या त्यांचं मतदान कुणी घेतलं नाही.

गावापुरता हक्क मात्र २००८ च्या आदेशानं दिला आहे. पंचवीस टक्के महिला मतदारांनी अर्ज केला की गुप्त मतदान, उभी बाटली की आडवी. मेख पुढे आहे. आडव्या बाटलीला झालेल्या मतदानाच्या नव्हे, यादीतल्या एकूण महिला मतदारांच्या निम्म्याहून जास्त मतं लागतात. जी आली नाही, ती आपोआप उभ्या बाटलीकडे मोजली जाते. आमदार निवडताना असा हिशेब कुणी लावत नाही.

आता आपल्या जिल्ह्याचा विचार करा. दिवाळीच्या सुमारास मुकादमाची उचल घेऊन कोयते निघतात ते मार्च-एप्रिलला परततात. माझ्या वर्गातली बाकं तेव्हा रिकामी होतात. त्यांच्या आया, हिंदू काय नि मुसलमान काय, साखर कारखान्यांच्या फडात असतात. दारूचा मार सर्वांत जास्त ज्यांना बसतो, त्यांचीच मतं अशा वेळी दुकानाच्या खात्यात जमा.

आपल्या मोहल्ल्यात काही जण म्हणतात, शराब हराम आहे, आपला काय संबंध? पिणारा फतवा विचारून पीत नाही, आणि त्याची बायको मतदारयादीत असतेच. तेव्हा अर्ज करायचा असेल तर सह्या एप्रिल-मे मध्ये गोळा करा, आणि मतदान पोळ्याच्या आत व्हावं म्हणून तहसीलच्या पायऱ्या झिजवा. तारीख सरकारी बाजूनं ठरते. ती दिवाळीपुढे गेली, की कोयता निघालेला असतो.