भाषणाला एक दिवस बाकी

29 महिने आधी
मे 2012. व्हिडिओ गेममध्ये बायका कशा रंगवल्या जातात, यावर व्हिडिओमालिका करायची म्हणून अनिता सार्कीशियन किकस्टार्टरवर लोकांकडे 6,000 डॉलर मागतात. लगेच शिवीगाळ आणि बलात्काराच्या धमक्या सुरू होतात. त्यांच्या फोटोवर क्लिक करत राहिलं की चेहरा काळानिळा पडतो, असा एक 'गेम'ही कुणी बनवतं. पैसे मात्र दीड लाख डॉलरच्या वर जमतात. पहिला भाग यायला मार्च 2013 उजाडतो.

7 महिने आधी
सॅन फ्रान्सिस्कोत गेम बनवणाऱ्यांच्या सोहळ्यात त्यांना पुरस्कार मिळणार असतो. बॉम्बची धमकी येते. तपासणी होते, सोहळा पार पडतो.

7 आठवडे आधी
ऑगस्ट 2014. नवा भाग येतो आणि दोन-तीन दिवसांत घरच्या पत्त्यासकट जिवे मारण्याच्या धमक्या येतात. पोलिसांना कळवून त्या घर सोडतात आणि मित्रांकडे मुक्कामाला जातात. 'गेमरगेट' नावाची झुंड याच महिन्यात उभी राहते. गेम बनवणाऱ्या आणि त्यांवर लिहिणाऱ्या बायका तिच्या निशाण्यावर असतात.

मंगळवार, 14 ऑक्टोबर: सकाळ
यूटा राज्यातलं लोगन. यूटा स्टेट युनिव्हर्सिटीत उद्या सार्कीशियन यांचं भाषण आहे. दिवस उजाडतो तेव्हा एक निनावी ई-मेल येऊन पडलेली असते: भाषण रद्द करा, नाहीतर मॉन्ट्रियलसारखं हत्याकांड घडवीन. रायफल, पिस्तुलं, पाइपबॉम्ब सगळं जवळ आहे. 1989मध्ये मॉन्ट्रियलच्या इंजिनिअरिंग कॉलेजात एका बंदूकधाऱ्यानं 14 बायकांना मारलं होतं, त्याचा हा दाखला.

त्याच दिवशी, यूटात उतरल्यावर
सार्कीशियन यांना हे युनिव्हर्सिटीकडून नव्हे, ट्विटरवरून कळतं, असं त्यांनी नंतर सांगितलं. आणखी धमक्या येतात. एकीत गेमरगेटचं नाव असतं.

शेवटचे काही तास
पोलिसांच्या मते धोका खरा नाही, कार्यक्रम होऊ शकतो. सार्कीशियन विचारतात, दारात मेटल डिटेक्टर लावाल? निदान झडती घ्याल? उत्तर मिळतं: परवाना असलेल्याला लपवलेलं पिस्तूल घेऊन आवारात यायची मुभा राज्याचा कायदाच देतो, त्याला अडवता येणार नाही. त्या भाषण रद्द करतात. धमकीला घाबरून नव्हे, सुरक्षा अपुरी म्हणून, हे त्या बजावून सांगतात.

बुधवार, 15 ऑक्टोबर
ना गोळीबार, ना भाषण. पोलिसांचा अंदाज बरोबर ठरला आणि ई-मेल पाठवणाऱ्याचं कामही झालं. बंदूक बाहेर काढायची त्याला गरजच पडली नाही. लिहिणाऱ्या-बोलणाऱ्या माणसाचं भांडवल म्हणजे त्याचा वेळ आणि थाऱ्यावर असलेलं चित्त. पुढचा भाग लिहायचे दिवस तक्रारी नोंदवण्यात आणि सभागृहाची दारं मोजण्यात गेले, की माणूस जिवंत राहूनही काम अडतं.

नंतर
2012मध्ये जाहीर झालेली मालिका 2017मध्ये संपली. 2023मध्ये सार्कीशियन यांनी आपली 'फेमिनिस्ट फ्रीक्वेन्सी' ही संस्था बंद करत असल्याचं जाहीर केलं, तेव्हा कारणांत थकवा होता. धमकी पाठवायला लागला तो एका ई-मेलपुरता वेळ. तिची किंमत मात्र सगळी दुसऱ्याच बाजूनं मोजली.