लॉस एंजेलिसचे वणवे: एक कोटी लोकांची काउंटी आणीबाणीत कशी चालली आणि कुठे अडखळली?

९ जानेवारी २०२५. दुपारचे चार वाजत आले होते. लॉस एंजेलिस काउंटीत दोन दिवसांपासून वणवे पेटलेले. अचानक काउंटीतल्या लाखो लोकांचे मोबाईल एकदम कर्कश आवाजात वाजू लागले. तुमच्या भागात घर सोडण्याचा इशारा देण्यात आला आहे, असा तो संदेश होता. ज्यांच्या घरापासून सगळ्यात जवळची आग चाळीस-पन्नास किलोमीटर लांब होती, त्यांनाही तो आला.

संदेश चुकीचा नव्हता. तो काउंटीच्या पश्चिम टोकाला लागलेल्या केनेथ नावाच्या वणव्याजवळच्या वस्तीसाठी होता. पण तो गेला जवळपास एक कोटी लोकांना.

त्याच्या दोन रात्री आधी अगदी उलटं घडलं होतं. आल्टाडीना नावाच्या वस्तीच्या पश्चिम भागात आग दारात येऊन ठेपली, तरी तासन् तास मोबाईल वाजलाच नाही. या दोन घटनांच्या मधे काउंटीची आपत्कालीन यंत्रणा नेमकी काय करते, कोण कोणाला आदेश देतं आणि गाडी कुठे अडते, हे समजून घेऊ.

काउंटी म्हणजे आपला जिल्हा का?

साधारण तसंच, पण पूर्ण नाही. लॉस एंजेलिस काउंटीची लोकसंख्या पुणे जिल्ह्याच्या आसपास आहे आणि क्षेत्रफळ पुणे जिल्ह्याच्या दोन-तृतीयांश. तिच्या पोटात ८८ स्वतंत्र शहरं आहेत. लॉस एंजेलिस हे त्यातलं सगळ्यात मोठं, पण ८८ पैकी एक. प्रत्येक शहराला स्वतःची नगर परिषद आहे. जो भाग कोणत्याच शहरात येत नाही, तिथे काउंटी हीच महापालिका आणि तीच ग्रामपंचायत.

आपल्याकडे जिल्हाधिकारी सरकार नेमतं. तिथे काउंटीचा कारभार पाच निवडून आलेले सुपरवायझर पाहतात. सगळ्यांच्या वर बसलेला एक निर्वाचित प्रमुख जानेवारी २०२५ मध्ये नव्हता. तसं पद निर्माण करायला मतदारांनी नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजुरी दिली, पण ते प्रत्यक्षात यायला २०२८ उजाडणार आहे. शेरीफही थेट निवडून येतो. मुंबईचा शेरीफ म्हणजे नगरपाल, हे नुसतं मानाचं पद. तिथला शेरीफ म्हणजे मात्र हजारो पोलिसांचा प्रमुख.

हे सगळं सांगण्याचं कारण म्हणजे ७ जानेवारीला पेटलेले दोन मोठे वणवे दोन वेगळ्या सरकारांच्या हद्दीत होते. पॅलिसेड्स वणवा लागला तो पॅसिफिक पॅलिसेड्स भाग लॉस एंजेलिस शहरात येतो. तिथे शहराचं अग्निशमन दल, शहराचे पोलीस आणि शहराच्या महापौर कॅरेन बॅस. त्या दिवशी बॅस घाना देशाच्या दौऱ्यावर होत्या आणि त्यावरून नंतर बरंच रान उठलं. ईटन वणवा मुख्यतः आल्टाडीनात पसरला. आल्टाडीना कोणत्याच शहरात नाही, म्हणजे तिथली सगळी जबाबदारी काउंटीची: अग्निशमन दलाचे प्रमुख अँथनी मरोनी, शेरीफ रॉबर्ट लुना आणि काउंटीचं आपत्कालीन व्यवस्थापन कार्यालय.

आग इतकी का भडकली?

आधीचे दोन हिवाळे चांगले पावसाचे गेले होते, त्यामुळे डोंगरांवर गवत आणि झुडपं माजली. मग पाऊस गायबच झाला. मे २०२४ पासून जानेवारीपर्यंत लॉस एंजेलिस शहराच्या मध्यभागी अर्धा सेंटीमीटरही पाऊस पडला नव्हता. त्यात वाळवंटाकडून समुद्राकडे वाहणारे 'सँटा ॲना' वारे सुटले. काही ठिकाणी झोत ताशी १३० ते १६० किलोमीटरपर्यंत गेले. हवामान खात्याने याचा अंदाज आधीच दिला होता आणि तोही नेहमीपेक्षा कडक शब्दांत. म्हणजे वाऱ्याने बेसावध गाठलं, असं कोणालाच म्हणता येत नाही.

पॅलिसेड्सची आग ७ जानेवारीला सकाळी साडेदहाच्या सुमारास लागली, ईटनची संध्याकाळी सव्वासहाला. त्याच रात्री सिल्मार भागात हर्स्ट वणवा. दुसऱ्या दिवशी हॉलिवूडच्या टेकड्यांवर सनसेट, तिसऱ्या दिवशी केनेथ. सगळ्यात मोठी अडचण संध्याकाळी आली. वारा इतका होता की पाणी टाकणारी विमानं आणि हेलिकॉप्टर जमिनीवर उतरवावी लागली. अशा वाऱ्यात ठिणग्या एक-दोन किलोमीटर पुढे उडून नवीन घर पेटवतात. मग तो जंगलातला वणवा राहत नाही, घरातून घरात जाणारी आग होते.

बंब कुठून आले?

कोणत्याही काउंटीकडे एकाच वेळी चार-पाच मोठ्या आगींना पुरतील इतके बंब नसतात. कॅलिफोर्नियात यावर १९५० पासून परस्पर मदतीचा करार आहे. शेजारची काउंटी, मग विभाग, मग राज्य, अशा पायऱ्यांनी मागणी वर चढत जाते. यावेळी ती राज्याबाहेर आणि देशाबाहेरही गेली. मेक्सिकोतून जवान आले. कॅनडाच्या क्वेबेक प्रांताची, समुद्रावरून सरकत जात पाणी भरून घेणारी विमानं तिथे होतीच. त्यातल्या एका विमानाला ९ जानेवारीला एका हौशी माणसाचा ड्रोन धडकला. पंखाला भोक पडलं आणि नेमक्या गरजेच्या दिवसांत विमान जमिनीवर बसलं. (ड्रोन उडवणाऱ्याने पुढे न्यायालयात गुन्हा कबूल केला.)

आग विझवणाऱ्यांत हजाराच्या आसपास कैदीही होते. कॅलिफोर्नियात तुरुंगातल्या कैद्यांच्या अग्निशमन तुकड्यांची जुनी पद्धत आहे. त्यांची मजुरी तेव्हा दिवसाला साधारण ६ ते १० डॉलर होती, प्रत्यक्ष आणीबाणीत तासाला आणखी एक डॉलर. या वणव्यांनंतर त्यावर मोठी चर्चा झाली आणि राज्याने ही मजुरी वाढवणारा कायदा केला.

इतक्या ठिकाणांहून आलेले लोक एकमेकांच्या पायात न येता काम कसं करतात? याचं उत्तरही कॅलिफोर्नियातच सापडलं होतं. १९७० च्या शरद ऋतूत तिथे तेरा दिवसांत १६ जण मेले आणि सातशेहून जास्त इमारती जळाल्या. नंतर चौकशीत दिसलं की माणसं कमी नव्हती. प्रत्येक दलाची भाषा, रेडिओची वारंवारिता आणि पदांची नावं वेगळी होती. त्यातून 'इन्सिडेंट कमांड सिस्टीम' नावाची पद्धत तयार झाली. आग लहान असो वा मोठी, एक कमांडर, आणि त्याच्या हाताखाली प्रत्यक्ष काम, नियोजन, रसद आणि हिशेब असे ठरलेले विभाग. दोन-तीन संस्थांची हद्द असेल, तर त्यांचे प्रमुख मिळून 'युनिफाइड कमांड' चालवतात.

हायड्रंट कोरडे का पडले?

समाजमाध्यमांवर सगळ्यात जास्त फिरलेली गोष्ट हीच. पॅलिसेड्सच्या उंचावरच्या भागाला प्रत्येकी दहा लाख गॅलनच्या तीन टाक्यांतून पाणी मिळतं. मागणी इतकी वाढली की ८ जानेवारीच्या पहाटेपर्यंत तिन्ही रिकाम्या झाल्या. टाकीत पाणी चढवण्याचा वेग आणि खाली उपसा होण्याचा वेग यांचा मेळच बसेना. शिवाय जवळचा ११.७ कोटी गॅलनचा सँटा यनेझ जलाशय, आच्छादनाच्या दुरुस्तीसाठी रिकामा ठेवलेला होता. तो भरलेला असता तर आग विझली असती का, यावर तज्ज्ञांचं एकमत नाही. शहराची पाण्याची व्यवस्था एका वेळी काही घरांच्या आगीसाठी बांधलेली असते, अख्ख्या डोंगरासाठी नाही. हा भाग शहराच्या अखत्यारीतला, काउंटीच्या नाही. पण टीका दोघांच्याही वाट्याला आली.

घर सोडा, हे कोण सांगतं?

या सगळ्या प्रकरणाचा गाभा इथे आहे.

काउंटीचा नकाशा आधीच छोट्या छोट्या क्षेत्रांत विभागलेला असतो आणि प्रत्येक क्षेत्राला क्रमांक असतो. सूचना दोन पातळ्यांच्या. 'इशारा' म्हणजे धोका येऊ शकतो. म्हातारी माणसं, आजारी, जनावरं असलेल्यांनी आत्ताच निघा. 'आदेश' म्हणजे जिवाला धोका आहे, लगेच बाहेर पडा. आगीची दिशा अग्निशमन दल पाहतं आणि शिफारस करतं, माणसं हलवण्याचा अधिकार शेरीफचा, आणि मोबाईलवर जाणारा संदेश तयार करून पाठवतं आपत्कालीन व्यवस्थापन कार्यालय. तीन हात, एक संदेश.

ईटनची आग लागल्यावर आल्टाडीनाच्या पूर्व भागाला संध्याकाळी साडेसातच्या सुमारास आदेश मिळाला. गावाच्या मधून लेक ॲव्हेन्यू नावाचा रस्ता जातो. त्याच्या पश्चिमेकडच्या वस्तीला आदेश मिळाला तो पहाटे साडेतीनच्या सुमारास, म्हणजे आग लागल्यानंतर नऊ तासांनी. तोपर्यंत तिथली घरं पेटलेली होती. ईटन वणव्यात १९ जण मेले. एक अपवाद वगळता सगळे लेक ॲव्हेन्यूच्या पश्चिमेला राहणारे, आणि बहुतेक जण वयस्कर. आल्टाडीनाचा हा पश्चिम भाग कृष्णवर्णीय कुटुंबांनी काही पिढ्यांपूर्वी घरं घेऊन वसवलेला, कारण आसपासच्या बऱ्याच वस्त्यांत त्यांना घर मिळूच दिलं जात नव्हतं. त्यामुळे या नऊ तासांचा प्रश्न तिथे नुसता तांत्रिक राहिला नाही.

काउंटीने मॅकक्रिस्टल ग्रुप या सल्लागार संस्थेकडून चौकशी करून घेतली. अहवाल सप्टेंबर २०२५ मध्ये आला. त्यात एका माणसावर किंवा एका चुकीवर बोट ठेवलेलं नाही. जुनाट धोरणं, प्रत्येक खात्याची वेगळी पद्धत, संपर्काच्या साधनांतले कच्चे दुवे, अपुरं मनुष्यबळ आणि मुख्य म्हणजे आदेश देण्याचा अंतिम अधिकार कोणाचा याबद्दल संदिग्धता, अशी कारणं त्यात आहेत. नातेवाईक गमावलेल्या अनेकांना हा अहवाल पटला नाही. 'सगळ्यांची चूक' याचा अर्थ 'कोणाचीच नाही' असा होतो, ही त्यांची तक्रार, आणि ती चुकीची म्हणणं अवघड आहे.

मग तो एक कोटी लोकांना गेलेला संदेश?

हा साधा एसएमएस नसतो. नकाशावर एक आकृती काढायची, आणि त्या आकृतीतल्या टॉवरच्या टप्प्यात जे जे मोबाईल असतील ते सगळे वाजतात. नंबर माहीत असण्याची गरज नाही. काउंटी त्यासाठी जेनासिस कंपनीचं सॉफ्टवेअर वापरत होती. खासदार रॉबर्ट गार्सिया यांच्या कार्यालयाने मे २०२५ मध्ये काढलेल्या अहवालानुसार, कर्मचाऱ्याने आकृती बरोबर काढली होती, पण बहुधा नेटवर्क तुटल्याने ती पुढच्या यंत्रणेत पोहोचली नाही. संदेश पोहोचला, हद्द पोहोचली नाही. आणि हद्द नसेल तर संदेश अख्ख्या काउंटीला जातो, हे पाठवणाऱ्याला पडद्यावर स्पष्ट दिसलं नाही.

वीस मिनिटांत दुरुस्तीचा संदेश गेला. पण पुढचे काही दिवस तोच जुना इशारा लोकांच्या मोबाईलवर पुन्हा पुन्हा येत राहिला, कारण बंद पडलेले टॉवर पुन्हा सुरू होत होते. वैतागून लोकांनी इशारेच बंद करून टाकले तर काय, ही भीती अधिकाऱ्यांना होती. १० जानेवारीला काउंटीने पाठवण्याचं काम राज्याच्या आपत्कालीन सेवा कार्यालयाच्या यंत्रणेवर हलवलं.

आग विझल्यानंतर

दोन्ही वणवे ३१ जानेवारीला पूर्ण आटोक्यात आले. एकूण ३१ मृत्यू, १६ हजारांहून जास्त इमारती नष्ट. 'जामा' या वैद्यकीय नियतकालिकातल्या एका अभ्यासाने धूर आणि विस्कळीत आरोग्यसेवेमुळे झालेले मृत्यूही धरले, तेव्हा त्या काळातल्या जादा मृत्यूंचा अंदाज ४४० निघाला.

राखेतही क्रम असतो. आधी पर्यावरण खात्याने विद्युत गाड्यांच्या बॅटऱ्या, गॅसच्या टाक्या, रंग, कीटकनाशकं असा घातक माल उचलला. मग लष्कराच्या अभियंता दलाने साडेनऊ हजारांवर भूखंडांवरचा मलबा हटवला. त्यासाठी प्रत्येक मालकाने आपल्या जागेत येऊ देण्याचा अर्ज काउंटीला भरून द्यायचा होता. घर भाड्याचं, मालक परदेशात, वारसांत वाद, अशा प्रकरणांत वेळ गेला.

ईटनच्या आगीसाठी काउंटीने मार्च २०२५ मध्ये सदर्न कॅलिफोर्निया एडिसन या वीज कंपनीवर दावा ठोकला. पॅलिसेड्सच्या बाबतीत तपास यंत्रणांचं म्हणणं आहे की १ जानेवारीला मुद्दाम लावलेली छोटी आग विझल्यासारखी वाटली, पण मुळांत धुमसत राहिली आणि वाऱ्याने सहा दिवसांनी पुन्हा वर आली. त्यात एकाला ऑक्टोबर २०२५ मध्ये अटक झाली.

आपल्याकडे काय आहे?

कॅलिफोर्नियाच्या आगींतून जन्मलेली ती कमांड पद्धत भारतातही आली आहे. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने २०१० मध्ये तिच्यावर आधारित 'इन्सिडेंट रिस्पॉन्स सिस्टीम'ची मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यात जिल्ह्याचा जबाबदार अधिकारी ठरलेला आहे: जिल्हाधिकारी. टॉवरवरून मोबाईल वाजवण्याच्या चाचण्याही आपण २०२३ पासून पाहिल्या आहेत. तेव्हा अनेकांनी घाबरून मोबाईलच बंद केला होता. त्या चाचणीत संदेशाखाली लिहिलेलं असायचं की हा फक्त नमुना आहे, काही करायची गरज नाही.