पळसपापडीची परीक्षा

आमच्या गोंदियाकडे पोराला जंत झाले की पळसपापडी देत. आजीने मलाही ती गुळातून चारली आहे. पण कोणत्या जंतावर व किती द्यावी, हे मोजून पाहणे निराळे. तसे काम १९२० च्या सुमारास दूर मद्रास इलाख्यात डॉ. म्हसकर व फादर कायस यांनी केले. अंकुशकृमीच्या चौकशीत त्यांनी कृमिघ्न औषधांची रासायनिक घटना आणि प्रत्यक्ष गुण यांचा मेळ ताडून पाहिला. हा कृमी चिखलातून अनवाणी पायात शिरतो आणि आतड्याला चिकटून रक्त पितो. रोवणीला वाकलेल्या बाईचा जो आळस मालकाला दिसतो, तो पुष्कळदा हा!

पळसपापडीतले पॅलासोनिन १९६० नंतरच्या दशकात हाती लागले. गोल जंतांवर ते चालले; आजी खोटी नव्हती. पण फोड आणणाऱ्या भुंग्याच्या विषाचे ते सख्खे भावंड! सभेत हे सांगितले, तेव्हा विडी वळणारी एक बाई म्हणाली, “भाऊ, मग चिमूटभर द्यायची की चमचाभर?” मला सांगता येईना. तिच्या पोराला घेऊन आम्ही दवाखान्यात गेलो. तिथे अल्बेन्डाझोलची एक गोळी मिळाली. तिच्या पाकिटावर मात्रा छापलेली होती.